मजूरमंत्री बाबासाहेब आणि घराचा हक्क

14 एप्रिल जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये निळ्या पताका लागतात, वर्गणी जमते, वक्ते ठरतात. वक्ते बहुधा ठरलेल्या वाटेनेच जातात. महाडचे चवदार तळे, येवल्याची घोषणा, पुणे करार, संविधान आणि नागपूरची धम्मदीक्षा, एवढे सांगितले की भाषण संपते. हे सर्व टप्पे आपल्या इतिहासाचा कणा आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु 1942 ते 1946 या चार वर्षांत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, याला आपण एका वाक्यापलीकडे वेळ देत नाही. बाबासाहेबांच्या हातात प्रत्यक्ष राज्यकारभाराचे खाते पहिल्यांदा आले ते याच काळात. मिळालेली सत्ता त्यांनी कोणाच्या दारापर्यंत नेली, हे पाहायचे असेल तर या चार वर्षांकडे वळलेच पाहिजे.

मी वर्ध्याच्या न्यायालयात वकिली करतो आणि सावंगी (मेघे) येथे राहतो. माझ्याकडे येणाऱ्या आपल्या माणसांपैकी निम्म्यांची भांडणे शेवटी घरावर येऊन थांबतात. मध्यंतरी एक आई कागदांची पिशवी घेऊन आली. गावाचे नाव सांगत नाही. नवरा वारलेला, दोन मुली, रोजमजुरीवर पोट. रमाई आवास योजनेच्या यादीत तिचे नाव आले होते. परंतु ज्या जागेवर तिच्या सासऱ्याच्या आधीपासून कुडाचे घर उभे आहे, ती जागा कागदावर तिची नाही. पन्नास वर्षे राहूनही ती अतिक्रमणदार ठरली होती. घर मंजूर, पण जागा नामंजूर! त्या माऊलीने विचारले, वकीलसाहेब, रमाईच्या नावाचे घर आहे, मग मला का मिळत नाही? या प्रश्नाचे कायद्यातील उत्तर मला ठाऊक होते. पण त्या रात्री मी बाबासाहेबांचे चरित्र घराच्या बाजूने पुन्हा वाचायला घेतले.

बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे लष्कराच्या छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. म्हणजे पहिले घर सरकारी नोकरीचे. पुढे दापोली, सातारा असे करीत हे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. त्याच खोलीत स्वयंपाक, तिथेच झोप आणि तिथेच अभ्यास. सुभेदार मुलाला संध्याकाळी लवकर झोपवीत आणि रात्री दोनच्या सुमारास, सर्व निजले असताना, अभ्यासाला उठवीत. आपण ही गोष्ट बाबासाहेबांच्या जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते खरेच आहे. पण तीच गोष्ट जागेच्या टंचाईचीही आहे. दुसरी खोली असती तर त्या मुलाला मध्यरात्री उठावे लागले नसते.

नंतर हे कुटुंब परळच्याच बी.आय.टी. चाळीत आले. मुंबईत 1896 मध्ये प्लेगची साथ आली, माणसे किड्यामुंग्यांसारखी मेली, तेव्हा सरकारने 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला आणि गरिबांसाठी चाळी बांधल्या. म्हणजे सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या या खोल्या होत्या. इथल्या दोन खोल्यांत बाबासाहेबांनी सुमारे दोन दशके काढली. राजर्षी शाहू महाराज त्यांना भेटायला याच चाळीत आले. इथेच माता रमाईंनी एकामागून एक लेकरे गमावली आणि तरीही संसार सावरून धरला. आज ज्या माऊलीच्या नावाने सरकार घरकुले वाटते, तिचे अर्धे आयुष्य चाळीच्या दोन खोल्यांत गेले, हे योजनेचा फलक वाचताना आपण आठवले पाहिजे.

याच काळात बडोदे आहे. 1917 मध्ये बाबासाहेब बडोदे संस्थानाच्या नोकरीवर हजर व्हायला गेले. कोलंबिया विद्यापीठाची एम.ए. पदवी आणि लंडनचे शिक्षण सोबत होते. परंतु गावात राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले दहा-बारा लोक जिन्यावर आले आणि त्यांना बाहेर काढले. दोन ओळखीच्या घरी आसरा मागून पाहिला, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोन्हीकडे नकार मिळाला. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले.

वाचकहो, हा प्रसंग आपण सर्वांनी अनेकदा वाचला आहे. पण त्याचा कायद्याच्या अंगाने विचार करून पाहा. त्या तरुणाकडे पैसे नव्हते असे नाही, नोकरी होती, भाडे द्यायची तयारी होती. नव्हता तो हक्क. घर मालकाच्या मर्जीवर होते आणि मर्जी जातीवर होती. हे केवळ 1917 चे आहे असेही कोणी समजू नये. मी कायद्याचे शिक्षण घेत असताना शहरात खोली शोधत फिरलो, तेव्हा घरमालकांनी भाडे ठरवण्याआधी माझे आडनाव विचारले आणि आडनाव ऐकल्यावर खोली आधीच दिली असल्याचे सांगितले. आपल्यापैकी ज्यांनी शहरात खोली शोधली आहे, त्यांना हा अनुभव नवीन नाही.

आता वर्ध्याची एक गोष्ट सांगतो. 1936 च्या मे महिन्याच्या आरंभी बाबासाहेब वर्ध्याला आले आणि सेगावला जाऊन गांधीजींना भेटले. सेगाव म्हणजे आजचे सेवाग्राम, आमच्या सावंगीपासून फार दूर नाही. गांधीजी नुकतेच त्या खेड्यात राहायला आले होते आणि पुढे तिथे त्यांची मातीची कुटी उभी राहिली. आजही देशविदेशातील लोक ती पाहायला येतात आणि साधेपणाने भारावून जातात. त्या साधेपणाबद्दल आम्ही अनादर दाखवीत नाही. परंतु मातीच्या घरात राहणे हे गांधीजींनी स्वतः निवडले होते. त्याच तालुक्यातील महारवाडे, मांगवाडे, गोंड-कोलामांच्या वस्त्या मातीच्याच घरांत होत्या आणि त्यांना कोणी निवड करायला सांगितले नव्हते. खेडे हा आदर्श आहे असे एक विचारधारा सांगत होती. बाबासाहेबांना मात्र खेड्यात गावकुसाबाहेरची जागा दिसत होती, जिथे घराखालची जमीन, पाण्याची वाट आणि सरणाचे लाकूडसुद्धा गावाच्या हातात होते. म्हणूनच महार वतनाविरुद्ध त्यांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणले. वतनाने माणूस गावाला बांधला जात होता आणि गाव बिघडले तर त्याच्या डोक्यावरचे छप्परही बिघडत होते.

1942 च्या जुलैमध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली. तिथेच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म झाला. त्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावे वसवावीत, अशी मागणी करणारा ठराव झाला. त्याच महिन्यात बाबासाहेबांनी मजूर खात्याचा कारभार हाती घेतला. हे खाते केवळ गिरण्या-कारखान्यांचे नव्हते. खाणी, वीज, पाटबंधारे आणि सरकारी बांधकाम हे विषयही तेव्हा याच खात्यात येत. दिल्लीत सरकारी नोकरांना निवासस्थाने पुरत नाहीत, अशा प्रश्नांना मध्यवर्ती कायदेमंडळात बाबासाहेबच उत्तरे देत. बडोद्यात ज्याला खोली मिळाली नाही, तोच पंचवीस वर्षांनी देशाच्या राजधानीतल्या सरकारी घरांचा हिशेब ठेवत होता.

पण त्यांचे लक्ष दिल्लीपुरते राहिले नाही. डिसेंबर 1943 मध्ये ते झरिया आणि राणीगंजच्या कोळसा खाणींच्या दौऱ्यावर गेले. मजूरमंत्री म्हणून कचेरीत बसून अहवाल मागवता आला असता. बाबासाहेब स्वतः खाणीत उतरले, कोळसा कसा फोडतात ते पाहिले आणि वर आल्यावर मजुरांच्या राहण्याच्या जागा पाहिल्या. या खाणीत काम करणारे कोण होते? संथाळ व इतर आदिवासी, बाउरी, भुईया अशा अस्पृश्य जातीचे स्त्री-पुरुष. जंगल आणि शेती सुटलेली ही माणसे डोंगराळ मुलखातून खाणीवर आली होती. त्यांच्या राहण्याच्या जागांना तिकडे धौडे म्हणत. एकाला एक लागून खोल्यांची रांग, एका खोलीत अख्खे कुटुंब, पाण्याची वानवा. हे धौडे खाणमालकांचे. काम सुटले की खोली सुटली, संप केला की सामान बाहेर. मजुराची मजुरी आणि त्याचे छप्पर दोन्ही एकाच माणसाच्या मुठीत असले, तर तो मजूर तोंड उघडणार कसे? गावकुसाबाहेरच्या माणसाचे आणि खाणीतल्या माणसाचे दुखणे हे असे एकच होते.

जानेवारी 1944 मध्ये सरकारने कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम काढला. खाणीतून निघणाऱ्या प्रत्येक टन कोळशावर उपकर बसवला आणि त्या पैशातून मजुरांची घरे, पिण्याचे पाणी, दवाखाने, शिक्षण यांची सोय करायची असे ठरले. निधीवर सल्ला देणाऱ्या समितीत मालकांबरोबर मजुरांचेही प्रतिनिधी होते. यातील तत्त्व नीट लक्षात घ्यावे. मालकाने दानधर्म करावा आणि मजुराने हात पसरावा, ही रीत इथे मोडली. मजुराच्या घामातून जे निघते, त्यातलाच एक वाटा कायद्याने बाजूला काढून त्याच्या घरासाठी ठेवायचा. म्हणजे घर ही भीक न राहता मजुराने आधीच कमावलेली गोष्ट ठरली. 1947 मध्ये याच वटहुकमाच्या जागी कायदा आला आणि त्यात घरांसाठी स्वतंत्र खाते राखण्यात आले. तोवर बाबासाहेब त्या पदावर नव्हते, पण पाया त्यांच्या काळातला होता. अभ्रक खाणीच्या मजुरांसाठीही 1946 मध्ये असाच कल्याण निधीचा कायदा झाला.

त्याच काळात देशभरच्या कामगारांची मजुरी, घरे आणि सामाजिक स्थिती तपासण्यासाठी 1944 मध्ये डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. उद्योगाउद्योगांतली आकडेवारी पहिल्यांदाच एवढ्या विस्ताराने जमा झाली. आधी मोजणी, मग कायदा, ही बाबासाहेबांची पद्धत होती. आपल्या कार्यकर्त्यांनी ती शिकण्यासारखी आहे. आपण मोर्चा आधी काढतो आणि यादी नंतर करतो.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. महायुद्धात कोळशाची टंचाई झाली तेव्हा, 1943 मध्ये, स्त्रियांना जमिनीखालच्या कामावर पाठवण्यास असलेली बंदी सरकारने उठवली. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांना या निर्णयाचे सभागृहात समर्थन करावे लागले आणि रेणुका रे यांच्यासारख्या सदस्यांनी त्यावर टीका केली. त्या परिस्थितीतही स्त्रीला पुरुषाइतकेच वेतन मिळावे हे तत्त्व त्यांनी पुढे ठेवले आणि 1946 मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. तरीही तो निर्णय त्या स्त्रियांच्या जिवावरचाच होता. बाबासाहेबांना देव्हाऱ्यात बसवणाऱ्यांना अशा गोष्टी नको असतात. परंतु परकीय सरकारात, युद्धाच्या दिवसांत, ज्याच्या हातात अर्धीच सत्ता आहे असा माणूस किती ओढाताणीत काम करीत होता, हे त्याशिवाय कळत नाही.

1946 मध्ये कार्यकारी मंडळ गेले आणि मजूर खातेही गेले. पण घराचा विचार संपला नाही. मार्च 1947 मध्ये फेडरेशनच्या वतीने त्यांनी संविधान सभेसाठी जे निवेदन लिहिले, ते आपण राज्य आणि अल्पसंख्याक या नावाने ओळखतो. त्यात शेतजमीन राज्याच्या मालकीची करावी ही मागणी आहे, तशीच अनुसूचित जातींसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणीही आहे. पडीक सरकारी जमीन एका वसाहत आयोगाकडे विश्वस्त म्हणून द्यावी आणि तिथे नवी गावे वसवावीत, त्यासाठी खर्च केंद्र सरकारने करावा, अशी ती योजना. नागपूरचा ठराव इथे कायद्याच्या भाषेत आला. ही मागणी मान्य झाली नाही. संविधानाच्या कलम 17 ने अस्पृश्यता नष्ट केली, कलम 19 ने देशात कुठेही राहण्याचे व स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य दिले, परंतु घर हा शब्द मूलभूत हक्कांच्या यादीत आला नाही.

पुढच्या काळात न्यायालयाने ही उणीव थोडी भरून काढली. 1996 च्या चमेली सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवारा हा कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे मानले. हा खटला कशावरून उभा राहिला होता? अनुसूचित जातींच्या लोकांची घरे बांधण्यासाठी सरकारने जमीन संपादित केली आणि जमीनमालक त्याविरुद्ध न्यायालयात गेले. न्यायालयाने संपादन कायम ठेवले. म्हणजे बाबासाहेबांनी 1947 मध्ये मागितलेली गोष्ट, दलितांच्या वसाहतीसाठी सरकारने जमीन द्यावी, तिच्याच वादातून निवाऱ्याच्या हक्काचा हा महत्त्वाचा निर्णय निघाला. आपल्या किती शाखांमध्ये या निर्णयाची प्रत आहे?

स्वतः बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले ते पुस्तकांना जागा पुरावी म्हणून. रमाई तिथे फार काळ राहू शकल्या नाहीत, 27 मे 1935 रोजी त्यांचे निधन झाले. मंत्रिपदामुळे दिल्लीत सरकारी बंगले मिळाले. 1951 मध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर राजीनामा दिला आणि सरकारी बंगला सोडून ते 26, अलीपूर रोड येथे राहायला गेले. ते घरही त्यांच्या मालकीचे नव्हते. 6 डिसेंबर 1956 रोजी तिथेच त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज या घरांना मोठा मान आहे. लंडनमध्ये ते ज्या घरात राहिले ते महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये विकत घेतले. अलीपूर रोडवर 2018 मध्ये राष्ट्रीय स्मारक झाले. हे व्हायलाच हवे होते. परंतु त्याच सरकारांच्या कचेऱ्यांत रमाईच्या नावाच्या घरकुलाची फाईल जागेच्या एका कागदासाठी अडून राहते. आणि 7 जुलै 2020 रोजी राजगृहाच्या आवारात घुसून मोडतोड झाली, तेव्हा हेही दिसले की आपल्या माणसाच्या घराबद्दलचा राग अजून जिवंत आहे.

मग आपण काय करायचे? केवळ पताका लावून थांबायचे काय? वकील म्हणून मी चार गोष्टी सुचवतो. पहिली, प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीची मोजणी करावी. कोणाचे घर किती वर्षांचे, कोणाकडे ग्रामपंचायतीचा नमुना आठ आहे, कोणाकडे काहीच नाही, याची वही करावी. नमुना आठ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा दाखला नव्हे, हे लोकांना समजावून सांगावे. तरी तो ताब्याचा पुरावा म्हणून कामी येतो, म्हणून घरपट्टीच्या पावत्या फेकू नयेत.

दुसरी, 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनने गावठाणांची मोजणी होत आहे आणि मिळकत पत्रिका तयार होत आहेत. आपली वस्ती गावठाणाच्या हद्दीत धरली आहे की बाहेर, हे तपासावे. बाहेर धरली असेल तर मुदतीत लेखी हरकत घ्यावी. गावकुसाबाहेरची रेषा आता ड्रोनच्या नकाशात पुन्हा ओढली जाऊ नये.

तिसरी, ज्यांच्याकडे जागाच नाही त्यांच्यासाठी घरकुलाची जागा विकत घ्यायला साहाय्य देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची सरकारी योजना आहे. नाव कोणाचेही असो, पैसा आपल्या कराचा आहे. अर्ज करावा आणि घर पत्नीच्याही नावावर करून घ्यावे.

चौथी, आपल्या शेजारच्या कोलाम पोडांकडे आणि गोंड वस्त्यांकडे पाहावे. वनहक्क कायदा 2006 प्रमाणे 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून वनजमिनीवर राहणाऱ्या आदिवासींना शेतीबरोबर राहत्या जागेचाही हक्क मागता येतो. 2023 मध्ये केंद्राने कोलामांसारख्या आदिम जमातींसाठी जनमन अभियान जाहीर केले, त्यातही पक्की घरे आहेत. परंतु अर्ज लिहून देणारा माणूस पोडापर्यंत पोहोचत नाही. बाबासाहेब झरियाच्या खाणीत उतरले तेव्हा खालचे मजूर महार आहेत की संथाळ, हे त्यांनी विचारले नव्हते. मग आपण आपल्या जयंती मंडळाची हद्द आपल्याच वस्तीपाशी का संपवावी?

त्या आईचे प्रकरण अजून चालू आहे. ताब्याचे पुरावे गोळा झाले, शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे झाली, अपील दाखल झाले. मागच्या तारखेला ती आली तेव्हा तिने पिशवीतून एक जुनी घरपट्टीची पावती काढली, सासऱ्याच्या नावाची, घडीवर फाटलेली. ती तिने बाबासाहेबांच्या फोटोच्या चौकटीमागे जपून ठेवली होती. यंदाच्या जयंतीला प्रत्येक घराने असे आपापले कागद शोधून काढावेत आणि शाखेच्या वहीत त्यांची नोंद करावी. जयभीम!

(लेखक वर्धा जिल्हा न्यायालयात वकिली करतात.)